नवीन रिंग टाकली तरी कुकरच्या बाजूने वाफ जाते, शिट्टी होत नाही – आमच्याकडे सापडलेलं खरं कारण

जवळजवळ ५ महिने हा त्रास काढलाय म्हणून सगळं नीट लिहितेय. ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच सांगितलं, रिंग बदला. मी ती ३ वेळा बदलली आणि तिन्ही वेळा आठ-पंधरा दिवस बरे गेले की परत तेच सुरू. तुमच्याकडेही रिंग बदलल्यावर थोडे दिवस ठीक आणि मग पुन्हा वाफ, असं होत असेल तर चौथी रिंग आणायच्या आधी हे वाचा.

आमचा कुकर ५ लिटरचा, ॲल्युमिनियमचा, झाकण बाहेरून फिरवून बसवायचं आणि शिट्टी वेगळी, वरून ठेवायची तसला. राहायला धायरीला. सकाळी पावणेसातला कुकर लागला पाहिजे कारण सव्वासातला मुलगी निघते, त्यानंतर माझा आणि ह्यांचा डबा. खाली दोन वाट्या पाणी, जाळी, त्यावर डाळीचा डबा, त्यावर भाताचा, गेली कित्येक वर्षं हेच चाललंय आणि पहिली शिट्टी सात-आठ मिनिटांत व्हायची, इतकी ठरलेली की तेवढ्यात माझा चहा घेऊन व्हायचा. जूनपासून काय व्हायला लागलं, तर शिट्टी ठेवली की झाकणाच्या कडेने सूं सूं आवाज, कडेला बारीक बुडबुडे, पाण्याचे थेंब ओघळून बर्नरवर पडतात आणि चर्र होतं, ज्योत पिवळी होते. पंधरा मिनिटं झाली तरी शिट्टी नाही. झाकण जरा दाबून धरलं की वाफ थांबते, हात काढला की परत. (असं दाबून धरू नका, मी दोन वेळा केलं आणि एकदा मनगटाला चांगलाच चटका बसला, वाफेचा चटका पाण्यापेक्षा वाईट असतो.)

पहिल्यांदा अर्थात रिंगच. जुनी रिंग कडक झालेली होती, बोटाने वाकवली तर आतल्या बाजूला बारीक भेगा दिसत होत्या, म्हणजे ती बदलायलाच हवी होती याबद्दल वाद नाही. शनिवारी ऑफिस सुटल्यावर तुळशीबागेत गेले, दुकानदाराला सांगितलं ५ लिटरची रिंग द्या, घरी येऊन बघते तर रिंग ढिली, झाकणाच्या खाचेत बसतच नाही, एका बाजूने बसवली की दुसऱ्या बाजूने बाहेर येते. तेव्हा कळलं की ५ लिटर म्हणजे एकच माप नाही, उंच कुकर ५ लिटरचा असतो तसाच पसरट पण ५ लिटरचा असतो आणि दोघांच्या तोंडाचा घेर वेगळा. परत दुसऱ्या शनिवारी गेले तर जुनी रिंग बरोबर नेली, तर दुकानदार काका म्हणाले, ताई जुन्या रिंगवर माप नका धरू, वापरून वापरून ती एक तर ताणलेली असते नाहीतर आकसलेली, झाकण घेऊन या. आणि ते खरंच आहे. त्यामुळे रिंग आणायला जाताना कापडी पिशवीत झाकण टाका, लाजायचं काही कारण नाही, त्या दुकानात माझ्या आधी उभी असलेली बाई पण झाकण घेऊनच आली होती. झाकणाच्या हँडलवर नाहीतर कुकरच्या बुडावर मॉडेल लिहिलेलं असतं, त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, आणि रिंग त्याच कंपनीची पाकीटबंद घ्या, सुटी माळेत टांगलेली नको.

नवीन रिंग बसली, शिट्टी झाली, मला वाटलं संपलं. बरोब्बर बाराव्या दिवशी परत सूं सूं. दुसरी आणली, वाटलं पहिली डुप्लिकेट निघाली असेल. ती नऊ दिवस चालली.

मग घरगुती उपाय. सासूबाई म्हणाल्या, फ्रीजमध्ये ठेवून बघ, आमच्या वेळी फ्रीज नव्हता तेव्हा आम्ही माठाच्या पाण्यात टाकायचो. १० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवलेली रिंग जरा घट्ट होते आणि त्या दिवशी शिट्टी होते हे खरंय, मीसुद्धा महिनाभर रोज सकाळी दूध काढताना रिंग काढायची असं केलं. पण तो उपाय त्या एका सकाळपुरता. रिंग गार असते तोवर जरा टणक असते, कुकर तापला की ती परत आपल्या मूळ अवस्थेत. घाईच्या दिवशी करायला हरकत नाही पण याने बिघाड दुरुस्त होत नाही, फक्त झाकला जातो, आणि माझ्या बाबतीत त्याने नुकसान झालं, कारण मी शोधायचं थांबले. दुसरा उपाय म्हणजे कडेला कणकेची वळी लावणे. हा मात्र मी केला नाही आणि कोणी करू नये असं मनापासून वाटतं. पातेल्यावर दम लावताना कणीक लावणं वेगळं, कुकरला वेगळं. कुकरमध्ये जास्त वाफ झाली की ती कुठूनतरी निघावी म्हणून कंपनीने जागा ठेवलेल्या असतात, झाकणाच्या कडेला छोटी आडवी खिडकी असते ना, ती त्यासाठीच, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व दोन्ही बंद पडले तर रिंग तिथून बाहेर ढकलली जाऊन वाफ सुटावी म्हणून. तिथे कणीक जाऊन वाळली तर तो रस्ता बंद.

खरा गोंधळ झाला तो ऑगस्टमध्ये. मी कुकर लावून अंघोळीला गेले, ह्यांना सांगितलं होतं दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करा, आता शिट्टीच होईना तर ते बिचारे वाट बघत पेपर वाचत बसले, २५ मिनिटांत खालचं सगळं पाणी वाफ होऊन बाजूने निघून गेलं, कुकर कोरडा पडला आणि सेफ्टी व्हॉल्व गेला. फट् असा आवाज आणि करपल्याचा वास. त्या व्हॉल्वच्या मध्ये कमी उष्णतेला वितळणारा धातू भरलेला असतो, पाणी संपून कुकर प्रमाणाबाहेर तापला की तो वितळतो आणि भोक मोकळं होतं. म्हणजे व्हॉल्वने त्याचं काम चोख केलं. पण डब्याचं बूड काळं, भात अर्धा कच्चा, त्या दिवशी तिघांनाही पोळी आणि लोणचं. नवीन व्हॉल्व आणला, त्याच कंपनीचा. इथे एक सांगते, व्हॉल्व गेल्यावर त्या भोकात स्क्रू किंवा एम-सील भरून कुकर वापरणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत, कृपा करून असं करू नका. कुकरमधला दाब साधारण दर चौरस सेंटिमीटरला १ किलो असतो, माझी मुलगी नववीत आहे, तिने गणित करून दाखवलं, झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे आतून झाकणावर ३१४ किलोचा जोर. तीन क्विंटल! गव्हाची सहा पोती झाकणाला आतून ढकलतायत असं समजा. ते ऐकल्यापासून मी शिट्टी पूर्ण बसल्याशिवाय झाकणाला हात लावत नाही.

त्या दिवसानंतर ठरवलं की आता अंदाजाने वस्तू बदलायच्या नाहीत, एकेक गोष्ट तपासायची. रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर ओट्यावर कुकर घेऊन बसले.

सगळ्यात आधी शिट्टीची नळी बघा, कारण ती तुंबली असेल तरी लक्षणं अशीच दिसतात, शिट्टी होत नाही आणि वाफ बाजूने जाते, पण ते जास्त धोक्याचं. झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय का बघायचं, नाहीतर फुंकर मारून बघायची. तूरडाळीचा फेस आणि भाताची पेज तिथे जाऊन वाळते. सुईने किंवा बारीक तारेने साफ करा, काडेपेटीची काडी घालू नका, मोडून आत राहते. ज्यांचं पाणी बोअरचं किंवा टँकरचं आहे त्यांच्या नळीत पांढरा थर पण धरतो, आमच्याकडे मार्चपासून टँकर येतात आणि नळीत बघितलं तर खरंच कडेला खडूसारखं जमलेलं होतं. व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास बुडवून नंतर ब्रश मारला, निघालं. शिट्टीचं पण तसंच, ती उलटी करून आतलं टोक धुवा. डाळ थेट कुकरमध्ये लावत असाल तर अर्ध्याच्या वर भरू नका, चमचाभर तेल घाला, फेस कमी येतो.

माझी नळी साफ झाली, पण वाफ जायची ती गेलीच.

दुसरं, हँडलचे स्क्रू. झाकणाचं आणि कुकरचं हँडल धरून हलवून बघा, लटलट हलत असेल तर झाकण नीट सरळ बसत नाही. एका मिनिटाचं काम, घट्ट करून टाका. आमचा एक ढिला होता, केला घट्ट, फरक शून्य.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मला कोणीच सांगितली नव्हती. वाफ कुठून जाते ते नीट बघा. रिंग खराब असेल तर वाफ जाण्याची जागा रिंगबरोबर फिरते. मी काय केलं, रिंगवर बॉलपेनने एक ठिपका काढला, रिंग बसवताना ठिपका हँडलच्या बरोबर समोर ठेवला, कुकर लावला आणि बघितलं. घड्याळासारखं धरा, हँडल ३ वर आहे तर वाफ ७ च्या आसपास येत होती, माझ्या बाजूच्या काठाला, जरा डावीकडे. कुकर गार केला, उघडला, रिंग पाव फेरी फिरवली, ठिपका आता वेगळ्या जागी, परत लावला. वाफ परत ७ वर. अजून पाव फेरी. परत ७ वरच. चारही वेळा. म्हणजे रिंग कशीही फिरवली तरी वाफेची जागा हलत नाही, म्हणजे रिंगचा दोष नाही. ठिपक्याबरोबर वाफेची जागा सरकली असती तर रिंग दोषी. इतकं सोपं आहे हे आणि मी ३ रिंगा आणि ४ चकरा मारल्यावर ते केलं.

मग राहिलं झाकण किंवा भांडं. समोरच्या काकूंकडे हाच कुकर आहे, हेच मॉडेल, त्यांचं झाकण मागून आणलं. काकू स्वतःच आल्या झाकण घेऊन, म्हणाल्या मला पण बघायचंय. त्यांचं झाकण माझ्या कुकरवर, वाफ ७ वर. मग माझं झाकण त्यांच्या कुकरवर लावून बघितलं तर सहा मिनिटांत खणखणीत शिट्टी. ठरलं मग, झाकण निर्दोष, दोष भांड्याच्या काठात. पण काठाला नुसतं बघून काहीच दिसत नव्हतं, बोट फिरवलं तर किंचित काहीतरी लागल्यासारखं वाटायचं, पण मनाचा खेळ असेल असंही वाटायचं. हे म्हणाले उलटा घाल. आमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे, अगदी सपाट. कुकर स्वच्छ पुसून ओट्यावर पालथा घातला, आत मोबाईलचा टॉर्च लावून ठेवला आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद करून खिडकी लावून घेतली. आणि काय सांगू, सगळीकडे अंधार आणि एकाच ठिकाणी नखाएवढी उजेडाची फट! बरोबर तीच ७ ची जागा. काकू, मी आणि हे असे तिघं वाकून बघत होतो. बोटाला जेमतेम लागणारा पोचा, पण उजेडाला तो सापडला. जवळून चष्मा लावून बघितलं तर तिथे एक नाही, शेजारी शेजारी चार-पाच बारीक चपट्या खुणा होत्या.

त्या खुणा कशाच्या ते मात्र लगेच कळलं नाही. ते सासूबाईंनी ओळखलं. त्या उठून आल्या, काठ बघितला आणि म्हणाल्या, अगं हा डाव आपटल्याचा पोचा आहे. आणि ते ऐकल्यावर माझ्या कानात आवाजच आला, टण टण. आमच्याकडे रविवारी खिचडी, पावभाजीची भाजी, कधी रस्सा हे थेट कुकरमध्ये होतं. ढवळून झालं की डावाला चिकटलेलं झटकायला डाव काठावर दोनदा आपटायचा, टण टण, मी आपटते, हे आपटतात, सगळं घर आपटतं. हँडल उजवीकडे ठेवलं की उजव्या हातातला डाव दरवेळी समोरच्या काठाला त्याच जागी पडतो, घड्याळातल्या ७ वर. डाव स्टीलचा, जाड, कुकर ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम मऊ. एका आपटण्याने काही होत नाही पण अकरा वर्षं दर रविवारी दोनदा धरा.

आता मग नवीन रिंगने आठ-दहा दिवस का चालायचं? याचं उत्तर मला सर्व्हिस सेंटरला कुकर घेऊन गेले तेव्हा मिळालं. तिथल्या कारागीर काकांनी काठावर नुसतं नख फिरवलं आणि सांगितलं पोचा आहे, मोजायची पट्टी नंतर लावली. ते म्हणाले नवीन रिंग मऊ असते, लवचिक असते, ती दबून त्या खळग्यात भरते, म्हणून सुरुवातीला वाफ अडते. रोज तापून आणि दबून ती हळूहळू टणक होते, जिथे दाबली जाते तिथे चपटी बसते, मग खळग्यापर्यंत पोचत नाही. फ्रीजरमधल्या रिंगने एका दिवसापुरतं काम का व्हायचं तेही मला इथेच उलगडलं. रिंग गार असताना जी काही घट्ट बसायची तेवढ्यात वाफेचा जोर धरायचा, आणि एकदा आत दाब तयार झाला की तोच रिंगला काठावर दाबून धरतो. म्हणजे सगळी लढाई पहिल्या काही मिनिटांची असते. तेव्हा फट राहिली की दाब बनतच नाही आणि दाब नाही म्हणून फट बुजत नाही. तुमच्याकडे कधी शिट्टी होते कधी नाही असं होत असेल तर हेच असण्याची शक्यता फार.

दुरुस्त होतं का, तर मी हा प्रश्न दोन ठिकाणी विचारला. आमच्या जवळच्या भांडीवाल्याने सांगितलं की लाकडी हातोडीने ठोकून आणि पॉलिश पेपरने घासून काठ सरळ करून देतो, ५० रुपये. सर्व्हिस सेंटरच्या काकांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की ठोकून काठ वरवर सरळ दिसतो पण धातू तिथे पातळ होतो, शिवाय झाकण ज्या कानांत अडकतं ते कान पण त्याच काठाला आहेत, ते वाकले तर झाकण अर्धवट अडकेल, आणि तीन क्विंटल जोर असलेल्या भांड्यावर मी असा प्रयोग करून देणार नाही. मला त्यांचं पटलं. ५० रुपयांसाठी मला मुलीच्या डोक्याजवळ तसला कुकर नकोय. तुमचा पोचा अगदी नवीन आणि एकटाच असेल तरीही भांडीवाल्याआधी सर्व्हिस सेंटरला दाखवा. काही मॉडेलचं नुसतं भांडंही वेगळं मिळतं, विचारून बघा, माझ्या मॉडेलचं मिळालं नाही.

हे सगळं बाहेरून बसणाऱ्या झाकणाबद्दल झालं. ज्यांच्याकडे झाकण तिरकं करून आत घालायचं आणि मग आतून वर ओढून अडकवायचं तसला कुकर आहे त्यांच्याकडे रिंग काठाच्या खालच्या अंगाला आतून टेकते, त्यामुळे डाव आपटून तितकं लगेच बिघडत नाही. पण त्यांनी हँडल आधी बघावं, कारण झाकण सुरुवातीला वर ओढून धरायचं काम त्या हँडलच्या अडकवण्यावरच असतं, ते सैल झालं की पहिली वाफ बाजूने जाते. माझ्या ताईचा तो प्रॉब्लेम निव्वळ एका स्क्रूने गेला.

अजून एक, कारण दोन गोष्टी लोक एकत्र करतात. शिट्ट्या व्यवस्थित होतात पण डाळ शिजत नाही, दाणे वेगळे आणि पाणी वेगळं, हा कुकरचा दोष नाही. एक तर डाळ जुनी, नाहीतर पाणी जड. आमच्याकडे टँकरचं पाणी असतं त्या महिन्यांत तूरडाळ हट्टाने कच्ची राहते, जड पाण्यातले क्षार डाळीला मऊ पडू देत नाहीत. अर्धा-पाऊण तास भिजवा, डाळीला पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरा, चिंच टोमॅटो आमसूल जे काही आंबट असेल ते डाळ शिजल्यावरच घाला. आणि शिट्ट्या मोजत बसण्यापेक्षा दोन शिट्ट्या झाल्यावर गॅस बारीक करून १० मिनिटं ठेवा. दर शिट्टीला फक्त वाफ बाहेर जाते, शिजतं ते आतल्या गरम राहण्याने, आत साधारण १२० डिग्री असतं, उघड्या पातेल्यात पाणी १०० च्या वर जातच नाही. माझं माहेर महाबळेश्वरच्या बाजूला, उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे पाणी ९५-९६ डिग्रीलाच उकळतं. पातेल्यात वरण करायचं म्हटलं की आईचा अर्धा दिवस जायचा, त्यामुळे आमच्या घरात कुकरला फार मान होता, बिघडला की वडील बाकी कामं सोडून तो घेऊन वाईला जायचे. मला या एका भांड्याची इतकी काळजी का वाटते ते कदाचित त्यामुळेच असेल.

शेवटी दिवाळीच्या आधी नवीन कुकर घेतला, तेच मॉडेल. घेताना आयएसआय मार्क बघा, त्याच्या वर आयएस २३४७ असं छापलेलं असतं आणि खाली सीएम/एल करून लायसन्स नंबर. फेब्रुवारी २०२१ पासून हा मार्क नसलेला घरगुती कुकर विकायला कायद्याने मनाई आहे, तरी रस्त्यावर स्वस्तात मिळतात, घेऊ नका. दुकानातच झाकण लावून काढून बघा, आणि काठावरून बोट फिरवा. मी तर दुकानदाराची परवानगी घेऊन काउंटरच्या काचेवर पालथा घालून टॉर्च लावला, त्याने पण वाकून बघितलं आणि म्हणाला ही आयडिया चांगली आहे.

रिंग रोज धुवून पुसून वेगळी ठेवते, झाकणात अडकवून ठेवत नाही, आणि खुंटीला ताणून टांगत नाही, नुसती सैल. गॅसच्या शेजारी एक वाटी ठेवलीय, ढवळून झालं की डाव वाटीत. पहिले चार रविवार हात आपोआप काठाकडे गेला, मग मुलीने वाटीवर कागद चिकटवला, "इथे".

जुन्या कुकरचं झाकण आणि शिट्टी काढून टाकली. तो आता पातेलं म्हणून आहे, बटाटे उकडायला आणि अंघोळीचं पाणी तापवायला. झाकण मुद्दाम घरात ठेवलं नाही, म्हणजे कोणी चुकून लावायला नको.

आणि नवीन कुकरबरोबर आलेली रिंग अजून पाकिटातच आहे. ज्या ३ रिंगा मी खराब म्हणून ड्रॉवरमध्ये टाकल्या होत्या त्यातली सगळ्यात आधीची, जी बाराव्या दिवशी गेली असं मी सगळ्यांना सांगत होते, ती धुवून या कुकरला लावली. आज सात आठवडे झाले. सकाळी पावणेसातला लावला की सात वाजायच्या आत पहिली शिट्टी होते.